प्रश्न तुमचे, उत्तर मावशीचं : वाचताना गाळलेला एक शब्द

सलाम सगळ्यांना. या महिन्याच्या टपालातली दोन पत्रं वाचून मी बाजूला ठेवली होती. परवा दुपारी दोन्ही शेजारी-शेजारी ठेवली तेव्हा लक्षात आलं, की भांडण एकाच वचनावरून चाललंय. बायबलमधलं गलतीकरांस पत्र, अध्याय पाच, वचन तेरा. ते लिहिणारा प्रेषित पौल म्हणतो, तुम्हाला स्वतंत्रतेसाठी बोलावलंय. पण त्या स्वतंत्रतेने देहवासनांना वाव देऊ नका, तर ‘प्रीतीने एकमेकांचे दास व्हा’. पहिल्या पत्रातल्या मुलाला या वचनाचा वरचा अर्धा भाग आवडतो. दुसऱ्या पत्रातल्या बाईंच्या घरच्यांना फक्त खालचा. नेहमीप्रमाणे नावं-गावं काढून टाकली आहेत.

पत्र पहिलं

मावशी, मी पुण्यात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या सोसायटीत पाच दिवसांचा गणपती असतो. शेजारच्या काकू दर वर्षी डबाभर उकडीचे मोदक देतात. आजी डबा घेते, हसून ‘थँक्यू’ म्हणते आणि दार लागलं की मोदक कचऱ्यात. यंदा मी तिच्यासमोरच दोन खाल्ले. ती रात्री जेवली नाही. मी तिला म्हटलं, आजी, ख्रिस्ताने आपल्याला मोकळं केलंय, मूर्ती काहीच नाही हे पौलच लिहितो. बाबा म्हणाले, मावशीला विचार. आमच्यात बरोबर कोण?

उत्तर

दोघंही चुकलात, पण तू जास्त.

वचन तू बरोबर सांगितलंस. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या आठव्या अध्यायात मूर्ती म्हणजे काही नाही असं आहे. दहाव्यात तर पौल म्हणतो, बाजारात विकतात ते खा, परक्या माणसाने जेवायला बोलावलं तर पुढ्यात येईल ते खा, उगीच चौकशा करू नका. पण आठवा अध्याय तू अर्ध्यावर सोडलास. त्याच्या शेवटच्या वचनात हाच पौल म्हणतो, माझ्या खाण्याने माझा भाऊ अडखळत असेल तर मी कधीच मांस खाणार नाही.

आणि ‘तिच्यासमोरच’ हा शब्द तुझ्या पत्रात आहे, मी घातलेला नाही. मोदक खायला आवडतात म्हणून खाल्लेस की आजीला दाखवायला? दाखवायला खाल्ले असशील तर मोकळा कसला तू? आजीच्या नियमाने तुला जेवढं बांधलंय तेवढंच तिलाही.

पौलाचंच बघ. त्याच्या ग्रीक सोबत्याची, तीताची, सुंता झालीच पाहिजे म्हणून काही लोक हटून बसले, तेव्हा तो तसूभर हलला नाही. तीमथ्य या दुसऱ्या सोबत्याची मात्र त्याने स्वतः सुंता केली, तिथल्या यहुद्यांकडे बघून. बायबल क्लासमध्ये हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं होतं, काय दुटप्पी माणूस आहे! पुढे उमगलं. तीताच्या वेळी लोक म्हणत होते, सुंतेवाचून तुमचा विश्वास खरा नाही. तिथे वाकला असता तर सगळ्यांच्याच मानेवर जू बसलं असतं. तीमथ्याच्या वेळी तशी अट कोणी घातली नव्हती, म्हणून त्याला वाकता आलं.

आजीला एकदा विचार, प्रसाद म्हटलं की तिला काय आठवतं. माझी आजी नेवाशाकडची. बाप्तिस्मा झाल्यावर जत्रेतला प्रसाद तिने घेतला नाही, म्हणून सख्ख्या भावाने तिला पुन्हा दारात उभं केलं नाही. तिच्या लेखी तो गूळ-खोबऱ्याचा तुकडा नव्हता, तिचं माहेर होतं. अशा बाईपुढे वाद घालून दोन मोदक जिंकण्यात काय मिळतं?

पण मोदक कचऱ्यात टाकणं मलाही पटत नाही. उकड मळायची, पाकळ्या पाडायच्या, काकूंची अख्खी सकाळ जाते त्यात. पुढच्या वर्षी दार तू उघड, डबा तू घे, मित्रांकडे घेऊन जा आणि तिथे खुशाल खा. डबा रिकामा परत करू नकोस. आपल्याकडे नाताळात करंज्या होतात ना, त्या आजीच्या हातच्या आहेत असं सांगून काकूंना नेऊन दे. त्या काय करतात त्यांचं, हे बघायला मात्र थांबू नकोस.

पत्र दुसरं

मावशी, सलाम. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. शाळा घरापासून १४ किलोमीटरवर. फेब्रुवारीत सासूबाईंना पॅरालिसिसचा झटका आला, उजवी बाजू गेली. बोलणं जड झालंय, पण त्यांना सगळं समजतं. तेव्हापासून त्यांचं सगळं मी करते. पहाटे साडेचारला उठून स्पंज, कपडे, चहा, भरवणं, मग स्वयंपाक, मग एसटी. दुपारी शेजारची मुलगी येऊन बसते. संध्याकाळी आले की पुन्हा तेच. रात्री दोनदा-तीनदा उठते. नवरा पतसंस्थेत आहे, सहाला घरी येतो. ते मंडळीचे, म्हणजे आमच्या चर्चचे, पंच आहेत. म्हणतात, आईचं अंग मी कसं पुसणार, ते बायकांचं काम. नणंद पुण्याहून महिन्यातून एका रविवारी सफरचंदं घेऊन येते.

सासरे चांगले खुटखुटीत आहेत, झोप कमी म्हणून रात्री उशिरापर्यंत वाचत बसतात. आमच्याकडे नऊला कौटुंबिक प्रार्थना असते. आठवड्यातून दोनदा तरी ते गलती पाच-तेरा काढतात, ‘एकमेकांचे दास व्हा’, आणि वाचून झालं की चष्म्यावरून माझ्याकडे बघतात. मी आया ठेवू म्हटलं तर म्हणतात, ख्रिस्ती घरात आईला भाडोत्री हात लावायचे का? आता नोकरी सोड म्हणून विषय निघालाय.

मावशी, खरं सांगते, मी सगळं करते पण आतून कडू झालेय. अशी सेवा देवाला चालते का? मी ‘नाही’ म्हटलं तर मी ख्रिस्ती राहत नाही का? आणि स्वतंत्रतेसाठी बोलावलंय म्हणतात, ते नक्की कोणाला?

ता.क. त्यांच्या माकडहाडावर लाल डाग आलाय. पावडर लावते.

उत्तर

मुली, मी तुझं ता.क. आधी वाचलं आणि आधी त्याचंच उत्तर देते. बाकीचं दोन दिवस थांबलं तरी चालेल, हे नाही थांबणार.

डागावर बोट दाबून बघ. बोट उचलल्यावर जागा क्षणभर पांढरी पडून पुन्हा लाल होत असेल तर ठीक, वेळ आहे. दाबूनही लालच राहत असेल तर ती बेडसोअरची सुरुवात आहे. तिथे चोळू नकोस. आम्ही १९७४ साली नर्सिंगच्या ट्रेनिंगला होतो तेव्हा ‘पाठ करणं’ म्हणजे स्पिरिट लावून खसाखसा चोळणं आणि वर पावडर. आता कोणी तसं शिकवत नाही, कारण आतली नाजूक झालेली कातडी चोळल्याने आणखी दुखावते. हवेची गोल रिंगही देऊ नकोस. जागा कोरडी ठेव, दर दोन तासांनी कूस बदल, पूर्ण आडवं न करता पाठीमागे उशी देऊन थोडं कलतं ठेव. पोटऱ्यांखाली उशी दे, म्हणजे टाचा अधांतरी राहतील. कातडी फुटली, पाणी आलं किंवा वास आला तर त्याच दिवशी डॉक्टर.

दर दोन तासांनी. म्हणजे रात्रीसुद्धा. एका माणसाने हे करायचं म्हटलं तर महिनाभरात दोन पेशंट होतात. मी ३८ वर्षं वॉर्डात काढली. आम्ही तिघी-तिघी पाळीत असायचो आणि आठ तासांनी घरी जायचो, तरी कंबर धरून बसायचो. तू सहा महिने एकटी करतेयस.

आता वचनाचं. तुझे सासरे पुन्हापुन्हा वाचतात पण एक शब्द गाळून वाचतात. पौल ‘दास व्हा’ म्हणून थांबलेला नाही. ‘एकमेकांचे’ असं त्याने लिहिलंय. पत्र गलतीयाच्या मंडळ्यांना होतं, आजच्या तुर्कस्तानातला तो भाग. कोणाच्या तरी घरात सगळे जमले असतील, तिथे ते मोठ्याने वाचलं गेलं असेल. त्यात मालक होते, बायका होत्या, आणि बाजारात विकले गेलेले खरेखुरे गुलामही होते. ग्रीकमध्ये त्याने शब्द गुलामाचाच वापरलाय, नुसता सेवेचा नाही. गुलामाला ‘गुलाम हो’ म्हणण्यात नवं ते काय, तो होताच. नवं होतं ते मालकाला. आणि तो वाचणारा चष्म्यावरून एकाच कोपऱ्याकडे बघत राहिला असता, तर गलतीकरांना पौलाने आणखी एक पत्र लिहिलं असतं, आणि पहिलंच काही कमी तिखट नाही.

आपल्या लोकांना हे दुसऱ्या कोणी समजावायला नको. माझे पणजोबा येसकर होते. वेशीवर राखण करायची, मयताचा सांगावा घेऊन रात्री-बेरात्री दुसऱ्या गावी पळायचं, मेलेलं जनावर ओढायचं, आणि संध्याकाळी भाकरी मागत फिरायचं. गाव त्याला ‘सेवा’च म्हणत होतं. जन्माने पाठीला बांधलेली, नाही म्हणायची सोय नसलेली. आमच्या घरात तिला एकच शब्द होता, वेठ. १९५८ च्या कायद्याने महार वतनं गेली, तेव्हा माझे आजोबा म्हणाले होते म्हणे, आता एखाद्याचं काम केलं तर ते माझं काम असेल. त्यांना पौल नीट वाचता येत नव्हता, पण तेरावं वचन त्यांना समजलं होतं.

जन्माने महार म्हणून वेठ आणि जन्माने बाई म्हणून वेठ, यात मला तरी फरक दिसत नाही. कुटुंबात चार धडधाकट माणसं असताना एकटीने, तीच सून म्हणून, नाही म्हणायची मुभा नसताना जे करायचं, त्यावर वचनाचा शिक्का मारला तरी ते वेठच राहतं. स्वतंत्रतेसाठी कोणाला बोलावलं, असं तू विचारलंस. तुला. वचनात ते आधी आहे आणि मागाहून ‘दास व्हा’ आहे. हा क्रम उलटा वाचायचा नसतो.

मार्टिन ल्यूथरने १५२० मध्ये याच विषयावर एक छोटं पुस्तक लिहिलं. सुरुवातीलाच दोन विधानं आहेत. ख्रिस्ती माणूस सगळ्यांहून स्वतंत्र, कोणाच्याही ताब्यात नाही. ख्रिस्ती माणूस सगळ्यांचा सेवक, सगळ्यांच्या ताब्यात. आमचे जुने पाळकसाहेब म्हणायचे, ही दोन्ही वाक्यं एकाच माणसाबद्दल आहेत. आपण पहिलं स्वतःला लावतो आणि दुसरं बायकोला. मग बायकोकडे बघून ओशाळं हसायचे.

योहानाच्या तेराव्या अध्यायात येशू शिष्यांचे पाय धुतो, तो भाग तुला पाठ असेल. त्यातलं तिसरं वचन आपण पळवतो. पित्याने सगळं आपल्या हाती दिलंय, आपण देवापासून आलो आणि देवाकडे जातोय हे ओळखून तो उठला आणि कमरेला रुमाल बांधला. आपण कोण हे त्याला पक्कं माहीत होतं. रुमाल त्याच्या कमरेला दुसऱ्या कोणी बांधलेला नाही.

आणि ‘नाही’ म्हणण्याबद्दल. आपल्याच घरातली गोष्ट सांगते. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेज इथे झाला. त्यांना आश्रय देणाऱ्या सिस्टर जेराल्डीनवर त्यांचं प्रेम होतं, शेवटपर्यंत होतं. पण ख्रिस्ती झाल्या म्हणून मांसाहार? नाही, त्या शाकाहारीच राहिल्या. पुरुष विद्यार्थ्यांना शिकवू नये असं बिशपांचं म्हणणं आलं, तेव्हा संतापल्या. १८८५ च्या एका पत्रात त्यांनी सिस्टरना कळवलं, की भारतातल्या पुरोहितांच्या जोखडातून मी मोठ्या कष्टाने सुटले आहे, आता तसलंच दुसरं जोखड मानेवर घ्यायची माझी तयारी नाही. सत्तावीस वर्षांची विधवा, पदरात लहानगी मनोरमा, परक्या देशात दुसऱ्यांच्या अन्नावर. तरी हे लिहिलं.

आणि याच बाईने पुढे काय केलं? १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन उपासमारीने सापळा झालेल्या मुली उचलून आणल्या. दौंडजवळ केडगावला त्यांच्यासाठी मुक्ती हा आश्रम उभा केला. खरूज, उवा, ताप, भेदरलेली पोरं. ते शेवटी कोणीतरी हातांनी धुवावं-पुसावं लागतं. उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचं मराठी भाषांतर केलं, साध्या बायकांना कळेल असं, आणि मुक्तीतल्याच बायकांनी ते छापलं. बिशपना नाही म्हणणारी बाई आणि मुलींच्या उवा काढणारी बाई अशा दोन रमाबाई नव्हत्या. मला तर वाटतं, नाही म्हणता आलं म्हणूनच त्यांचं हो इतकं लांबवर गेलं.

तेव्हा नोकरी सोडू नकोस. तुझ्या वर्गातली पोरं हीसुद्धा सेवाच आहे, आणि तुझा पगार उद्या सासूबाईंच्या औषधालाही लागेल. आया जरूर ठेव. तिला चांगला पगार दे, आठवड्याची सुट्टी दे, जेवायला आपल्याच ताटात वाढ. भाडोत्री हात म्हणे! मी ३८ वर्षं पगार घेऊनच हात लावला लोकांच्या आयांना.

आता कडूपणाचं. अशी सेवा देवाला चालते का, ते देवाला विचार. पेशंटला चालते, एवढं मी सांगते. ओलं अंथरूण रागाने बदललं तरी कोरडं होतं. पण माझंही एक सांगून टाकते. सेकंड इयरला माझी सलग नाइट लागली होती. एक म्हातारी होती, खुब्याचं हाड मोडलेली. चारच्या सुमाराला मी तिचं अंथरूण बदलत होते, तोंडाने एक शब्द बोलत नव्हते. ती म्हणाली, ‘‘पोरी, तुझे हात रागावल्यात.’’ मी बाथरूममध्ये जाऊन रडले. सकाळी आमच्या ट्यूटरला सांगितलं, मला वाटलं आता प्रीतीवर व्याख्यान मिळणार. त्यांनी ड्यूटी-लिस्ट काढली, माझ्या जोडीला एक मुलगी टाकली आणि रविवारची सुट्टी दिली. बास. पुढच्या आठवड्यात हातांचा राग आपोआप उतरला. तुझ्या मनातला कडूपणा मला सासूबाईंच्या माकडहाडावरच्या डागासारखा वाटतो. एकाच जागी सतत भार पडला की येतो. पावडरने जात नाही.

अजून एक विचारायचं राहिलं. सासूबाईंना कोणी काही विचारलंय का? त्यांना समजतं म्हणतेस, आणि तुझ्या अख्ख्या पत्रात त्यांचा एक शब्द नाही. त्यांचा डावा हात चालतो ना? तोंड त्यांना स्वतः पुसू दे, कंगवा हातात दे, वाटाण्याच्या शेंगा समोर ठेव. चार सोलतील, दहा सांडतील. प्रार्थनेला कुठलं गीत घ्यायचं ते त्यांना ठरवू दे. ‘एकमेकांचे’ यात त्याही येतात. नुसतं घेत राहायचं, ही शिक्षा त्यांनाही होतेय. अंग कोणी पुसावं, मुलाने चालेल का, हेही त्यांनाच विचार. नाही म्हणाल्या तर मान राख, ते काम तू आणि आया करा. कूस बदलायला, भरवायला, भांडं रिकामं करायला मात्र मुलगा चालतोच.

यापुढचं जावईबापूंसाठी. हे पान त्यांच्या हातात दे.

जावईबापू, सलाम. तुम्ही मंडळीचे पंच, तेव्हा रागावणार नाही अशी आशा. आमच्या वॉर्डात एकदा नेवाशाकडचाच एक ऊसवाला शेतकरी आला होता, आईला घेऊन. तुमच्या आईसारखंच, एक बाजू गेलेली. बायको बाळंतपणाला माहेरी, बहीण नाही. पहिले दोन दिवस तो बेडपॅन वर्तमानपत्राने झाकून भिंतीकडेने न्यायचा, समोरून कोणी आलं की पाठ करून उभा राहायचा. तिसऱ्या दिवशी वाऱ्याने कागद उडाला. तो पकडायला धावला, मग थांबला आणि तसाच पुढे गेला. त्यानंतर त्याने कागद घेतला नाही. जाताना शेजारच्या खाटेवरच्या म्हातारबांच्या मुलाला कूस कशी बदलायची ते शिकवून गेला. मी शिकवलं होतं त्यापेक्षा बरं शिकवलं.

तर शिकून घ्या. एक जाड सुती चादर दुहेरी घडी करून आईच्या खांद्यापासून गुडघ्यापर्यंत येईल अशी खाली घाला, तिच्या खाली मॅकिंटॉश, म्हणजे रबरी कापड. या चादरीला आम्ही ड्रॉ शीट म्हणतो. ही एकट्याने ओढायची नसते. एकट्याने ओढली की अंग घासतं, कातडी सोलवटते आणि ओढणाऱ्याची कंबर जाते. तुमच्या बायकोची गेलेली असणार, तिने लिहिलेलं नाही. दोघांनी दोन बाजूंना उभं राहायचं, चादरीच्या कडा गुंडाळत आईच्या अंगाजवळ आणायच्या, गुडघ्यांत वाकायचं, एक-दोन-तीन म्हणायचं आणि एकदम उचलायचं. ओढायचं नाही, उचलायचं. उजवा हात धरून आईला कधीही खेचू नका, लुळ्या हाताचा खांदा निखळतो.

स्वयंपाकघराच्या दारामागे एक कागद लावा. तीन रकाने: वेळ, कूस, कोणी वळवलं. तुमच्या वडिलांना झोप कमी लागते असं कळलं, तेव्हा प्रार्थना झाल्यावर नऊची आणि मग अकराची पाळी त्यांची, सोबत तुम्ही. एकची तुमची आणि बायकोची. तीनला अलार्म तुमच्या फोनवर लावा, तिच्या नाही. त्या पाळीला वडिलांनाच उठवा. पाचला ती उठतेच. बहिणीला सांगा, सफरचंदं नकोत, दोन शनिवार मुक्कामाला ये.

महिन्याने त्या कागदाचा फोटो मला पाठवा. डागाचं काय झालं तेही लिहा.

— मावशी